मुदतवाढीचे कारण

हरिभाऊ ताम्हाण्यांच्या बिलात चूक काढणारा माणूस ठाण्यात अजून जन्माला यायचा होता, असं निदान हरिभाऊंचं तरी ठाम मत होतं. ट्रस्टच्या त्या साठ खाटांच्या हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीमागे बसून त्यांना तेवीस वर्षं झाली होती. डोंबिवलीहून यायचं, साडेआठच्या ठोक्याला खुर्चीत बसायचं, टेबल स्वतःच्या फडक्याने पुसायचं, शिपायाचं फडकं त्याला लागू द्यायचं नाही. अक्षर असं की ट्रस्टचे अध्यक्ष पाहुण्यांना कौतुकाने बिलं दाखवत. माणूस थोडा तुसडा होता, पण मनाने वाईट नव्हता. वाईट नव्हता म्हणूनच पुढचं सगळं झालं.

हॉस्पिटलात येणारे बहुतेक पेशंट आसपासच्या कारखान्यांतले कामगार. त्यांचा खर्च कंपनी द्यायची, पण हात आखडून. ऑपरेशनला सात दिवसांची मंजुरी. आठवा दिवस लागला की हॉस्पिटलने मुदतवाढीचा कागद द्यायचा आणि त्यात एक रकाना भरायचा: जादा मुक्कामाचे कारण. त्याची नक्कल बिलाला टाचून ठेवायची, मूळ कागद पेशंटच्या घरच्यांनी कंपनीत नेऊन द्यायचा, तिथला डॉक्टर तो बघणार आणि मग पुढचे दिवस मंजूर होणार. खरं कारण बहुतेक वेळा एकच असे. पुरुषांच्या वॉर्डात ज्याला लघवीची नळी घातलेली असे, त्याला चौथ्या-पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप येई. वॉर्डातल्या रबरी नळ्या उकळून पुन्हा वापरत आणि नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या उघड्या बाटलीत सोडलेलं असे. पण ‘जंतुसंसर्ग’ असं लिहिलं की कंपनीचा डॉक्टर लाल शाईत शेरा मारी: दोष हॉस्पिटलचा, खर्च हॉस्पिटलने सोसावा. हॉस्पिटल तो सोसत नसे, पेशंटच्या गळ्यात मारी. एका फिटरला असे दीड वर्ष हप्ते फेडावे लागले. दर महिन्याला तो खिडकीशी येऊन मुकाट्याने पैसे मोजायचा आणि हरिभाऊंना त्या दिवशी जेवण जायचं नाही.

तेव्हा हरिभाऊंनी एक शब्द शोधून काढला. कुपथ्य. पेशंटने खाऊ नये ते खाल्लं, ताप आला, चार दिवस जादा राहिला. कंपनीचा डॉक्टर मान हलवून सही करी, हॉस्पिटलची अब्रू शाबूत राही, कामगाराच्या खिशाला चाट बसत नसे. वॉर्डातल्या सिस्टरना माहीत होतं, डॉक्टर न वाचता सही करत. कुणाच्याच अंगाला काही लागत नाही, असं हरिभाऊंना वाटलं. सहा वर्षं ते हे पुण्यकर्म करत राहिले.

ब्याण्णवच्या सुरुवातीला डॉक्टर मंदाकिनी हॉस्पिटलात आल्या. वय तिशीचं, बोलणं कमी, आणि पायाला भिंगरी. चार महिने फेऱ्या मारल्यावर त्यांनी पुरुषांच्या वॉर्डात नळ्यांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, नळी एकदाच वापरायची, बाटली काढून बंद पिशव्या लावायच्या. अध्यक्ष गोड हसले. “बाई, नवीन खर्च म्हणजे आकडे लागतात. गेल्या तीन वर्षांत किती जणांना हा त्रास झाला, ते आमच्या ताम्हाण्यांच्या बिलांतून काढा. त्यांच्या कागदात चूक सापडायची नाही.”

हरिभाऊंनी तीन वर्षांचे गठ्ठे अभिमानाने काढून दिले. मंदाकिनीबाई आठवडाभर दुपारी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून एकेक कागद उलटत होत्या. शनिवारी त्यांनी चष्मा काढून ठेवला.

“ताम्हाणे, तुमच्या बिलांप्रमाणे तीन वर्षांत दोन माणसांना नळीचा संसर्ग झाला.”

“असेल. हॉस्पिटल आपलं स्वच्छ आहे.”

“मी चार महिने वॉर्डात वही ठेवलीय. अठरा जणांना नळी घातली, पाच जणांना ताप आला. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले. म्हणजे एक तर मला मोजता येत नाही, नाही तर तुमचे कागद...”

हरिभाऊंचे कान तापले. “माझा एक पैसा इकडचा तिकडे झालेला नाही, मॅडम.”

“पैशाबद्दल मी बोलतच नाहीये.” त्यांनी एक यादी पुढे केली. “कुपथ्य. तीन वर्षांत एकेचाळीस माणसं. मला एवढंच सांगा, हर्नियाच्या पेशंटला भाऊ रोज भजी आणून देतो, त्याला कधी कुपथ्य होत नाही. हात मोडलेला कोपऱ्यावरचा माणूस डब्यातून मटण खातो, त्यालाही होत नाही. ज्याला नळी आहे फक्त त्यालाच कुपथ्य होतं, ते कसं काय?”

तेवीस वर्षांत खिडकीशी भांडायला आलेल्या कुणाला हरिभाऊंनी उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. आज त्यांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. फिटरचं सांगितलं, लाल शाईचं सांगितलं, शब्द कसा सुचला तेही सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज थोडा चढलाच, कारण आपलं काही चुकलंय असं त्यांना अजून वाटत नव्हतं. “गरिबाचे पैसे वाचवले मी. काय चुकलं?”

मंदाकिनीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर हरिभाऊंना बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, “पैसे वाचले, खरंय. पण तुमचा कागद बघून सगळ्यांना वाटलं वॉर्ड चांगला आहे. म्हणून सहा वर्षं त्याच नळ्या उकळल्या गेल्या.”

हे हरिभाऊंच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. बिल म्हणजे पैसे वसूल करायचा कागद, त्यातून कुणी आजार मोजायला बसेल, ही कल्पनाच त्यांना नव्हती. त्यांनी गठ्ठे स्वतःकडे ओढले. मग म्हणाले, “खरे किती ते मी काढून देतो.”

पुढचे पंधरा दिवस ते जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डच्या खोलीत जाऊन बसू लागले. एकेक कुपथ्याचा कागद घ्यायचा, त्या पेशंटची जुनी केसपेपरची पुडी शोधायची, तापाचा तक्ता आणि लघवीचा रिपोर्ट बघायचा. मदतीला वॉर्डबॉय काळुराम होता, खाडीकाठच्या बाळकुम गावचा. तो शिडीवर चढून पुड्या काढून द्यायचा. एकेचाळीसपैकी अडतीस जणांना जंतू निघाले. त्यातले तिघे हॉस्पिटलातच वारले होते.

तिघांतला एक मोरू कोळी. पुडी हातात देताना काळुरामने नाव वाचलं आणि तो शिडीवरच थांबला.

“आमच्या गावचा हा. मूतखड्याचं ऑपरेशन झालेलं. एकोणनव्वदच्या श्रावणात गेला.”

“घरी कोण असतं?”

“म्हातारी आहे, दगडाबाई. भाऊ चंदू. आणि बायको, सगुणा. पण तिच्या हातचं घरात कोण खात नाय, भाऊ.”

“का?”

काळुरामला हे सगळ्यांना माहीत असणार असंच वाटत होतं. “तिने मारला ना त्याला. नारळी पुनवेला ह्याने करंज्यांचा हट्ट धरला. आमच्यात तो मोठा सण, दर्याला नारळ द्यायचा. सगळा गाव खाडीवर आणि हा खाटेवर. तिला राहवलं नाय, चार करंज्या बांधून आणल्या. मग ताप आला. दोन दिवसांनी चंदू इथनं कागद घेऊन कंपनीत निघाला, जाताना वाचला, तर त्यात लिहिलेलं, कुपथ्य. कंपनीत द्यायच्या आधी गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून म्हातारी वेगळी चूल मांडून स्वतःचं स्वतः रांधते. पुनवेच्या पूजेला सगुणाला नारळाला हात लावू देत नायत. ती पण गप. तिला पण तसंच वाटतं.”

काळुराम पुढची पुडी काढायला वळला. हरिभाऊ हातातल्या कागदाकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं, सुंदर, वळणदार. कु, प, थ्य. त्यांना आठवलं, तो कागद लिहायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. एवढी वर्षं पुण्य म्हणून जे केलं त्याचं माप कुणाच्या पदरात पडलं, हे त्या बाईचा चेहरासुद्धा आठवत नसताना त्यांना कळलं होतं.

त्यांनी तापाचा तक्ता उघडला. आलेख बघितला, तारीख बघितली, मग टेबलावरून जुनं पंचांग आणवून पुन्हा तारीख बघितली. मोरूला हुडहुडी भरून एकशे तीन ताप आला होता तो पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी. गोळीने तो उतरला आणि पुनवेच्या रात्री पुन्हा चढला; घरच्यांनी पाहिला तो हा दुसरा. सिस्टरने शेजारी लिहिलं होतं: नळीतून गढूळ लघवी. करंज्या तेव्हा बाळकुमच्या घरात झाल्यासुद्धा नव्हत्या.

मंदाकिनीबाईंना त्यांनी तक्ता दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

“सोमवारी ट्रस्टींची मीटिंग आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुमचं नाव घेणार नाही. बिलांवरून संसर्ग मोजता येत नाही, एवढंच मांडेन. अडतीस हा आकडा केसपेपरवरून काढलाय म्हणून सांगेन. तुमची रिटायरमेंट कधी?”

“चौदा महिने.”

“त्या बाईला जाऊन सांगा. सांगायलाच हवं. पण तोंडी सांगा. लेखी दिलंत आणि तो कागद कंपनीपर्यंत गेला, तर चौकशी लागेल. तुमचा फंड अडकेल. मला तुमची काळजी वाटते, म्हणून सांगतेय.”

हरिभाऊंनी मान हलवली. त्यांनाही तेच बरं वाटलं होतं. माणूस स्वतःला कितीही प्रामाणिक म्हणवून घेवो, फंडाचं नाव निघालं की जरा मागे सरतोच.

सोमवारी मीटिंग झाली. अध्यक्षांनी बरीच कुरकुर केली आणि पुरुषांच्या वॉर्डापुरत्या बंद पिशव्या मंजूर केल्या. त्यानंतरच्या रविवारी हरिभाऊ धुतलेला सदरा घालून बाळकुमला गेले. सोबत काळुराम होता.

घर खाडीच्या बाजूला, कौलारू. बाहेर जाळं वाळत घातलेलं होतं, आणि पडवीत एकाच भिंतीला लागून दोन चुली होत्या, मध्ये हातभर जागा सोडून. दगडाबाई उंबऱ्यावर बसली होती, सत्तरीची, हाडाची मोठी, कानात जड बुगड्या. सगुणा आतल्या दाराशी उभी राहिली. चाळिशीही उलटली नसेल, पण नजर सतत जमिनीला. काळुरामने ओळख करून दिली, “हॉस्पिटलातले हेडक्लार्क.” म्हातारीने घोंगडी पुढे सरकवली.

हरिभाऊंनी येताना सगळं घोकून ठेवलं होतं. त्यांनी ते तसंच म्हटलं. मोरूला ताप आला तो नळीमुळे. करंज्यांचा काही संबंध नाही. ताप आदल्या दिवशीच आला होता, तसं वॉर्डाच्या कागदात आहे. हॉस्पिटलकडून लिहिण्यात चूक झाली.

सगुणाने पहिल्यांदाच वर बघितलं. दाराची चौकट तिने घट्ट धरली होती.

“आदले दिशी?” दगडाबाईने विचारलं.

“हो. सकाळी.”

“पुनवेचे आदले दिशी सकाली?”

“हो आजी. करंज्या खायच्या आधी पुरता एक दिवस.”

तोंडातला तंबाखू म्हातारीने बाहेर थुंकला आणि पदराने ओठ पुसले. तिचा विश्वास बसला नव्हता, हे दिसत होतं. “चंदूनं कागद वाचला तवा सगला गाव हतं,” ती म्हणाली. “कागदान लिवलं हतं. आता तुमी तोंडानं सांगताव. तोंडाचं कोन आयकल? उद्या तुमी गेले का लोक बोलतील, सूनंनंच कोनाला तरी आनलान.”

“आजी, मी खोटं कशाला सांगू?”

“मंग तवा कोन खोटं बोलला? चूक जाली, चूक जाली करताव. आपोआप जाली काय? कोनी लिवलं हतं?”

काळुराम हरिभाऊंकडे बघायला लागला. त्यालाही हे माहीत नव्हतं. हरिभाऊंना वाटलं, उठावं, नमस्कार करावा आणि रस्त्याला लागावं. निरोप तर पोचवून झाला होता. मग त्यांची नजर त्या दोन चुलींवर गेली. एका घरात दोन बायका तीन वर्षं शेजारी बसून आपापलं शिजवत होत्या, आणि मधली ती हातभर जागा त्यांनी आखून दिलेली होती.

“मी लिहिलं,” ते म्हणाले. “मीच. कंपनीने पैसे कापू नयेत म्हणून. मला माहीत होतं ते खरं नाही.”

काळुराम हळूच दोन पावलं बाजूला सरकला. दगडाबाईने हरिभाऊंकडे असं बघितलं की त्यांनी मान खाली घातली. ती शिव्या देईल असं त्यांना वाटलं, त्यासाठी ते तयारही होते. ती म्हणाली, “तर मंग आता खरं पन तुमीच लिवा.”

हरिभाऊंनी पिशवीतून कोरा कागद काढला. पेन काढलं. मंदाकिनीबाईंचे शब्द त्यांच्या कानात होते, फंड होता, चौदा महिने होते, घरी वाट बघणारी बायको सुमती होती, जिला त्यांनी यातलं अक्षर सांगितलेलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं अक्षर वाकडं आलं. पण त्यांनी काहीही वगळलं नाही. लिहून झाल्यावर पूर्ण नाव घातलं, हुद्दा घातला, तारीख घातली, सही केली.

“वाचा,” दगडाबाई म्हणाली.

त्यांनी वाचलं. “कै. मोरू कोळी यांना ताप आला तो हॉस्पिटलात घातलेल्या लघवीच्या नळीतून झालेल्या जंतुसंसर्गामुळे. ताप नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी आला. त्यांच्या पत्नी सगुणाबाई यांनी दिलेल्या खाण्याने तो आलेला नाही. मुदतवाढीच्या कागदावर ‘कुपथ्य’ हे कारण मी, हरिहर ताम्हाणे, खोटे आहे हे माहीत असून माझ्या मनाने लिहिले होते.”

“आनखी येकदा वाचा.”

त्यांनी पुन्हा वाचलं. या वेळी सगुणा दारातून पुढे आली आणि पडवीच्या जमिनीवर बसली. ‘सगुणाबाई यांनी दिलेल्या खाण्याने तो आलेला नाही’ इथपर्यंत हरिभाऊ आले तेव्हा तिने डोळे मिटले. हरिभाऊंना वाटलं, आता तिला मोकळं वाटेल. खरं सांगायचं तर तेवढंच बघायला ते एवढ्या लांब आले होते.

सगुणाने डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा मोकळा झालेला नव्हता. ती हरिभाऊंकडे नाही, सासूकडे बघून बोलायला लागली. तीन वर्षांत ती सासूशी एवढं सलग बोलली नसेल.

“आये, त्यानं मंग परत मांगितली हती.”

“काय?”

“करंजी. कागद आल्यावर. मरायचे आदले दिशी. शुद्ध आलती त्याला. बोलला, सगुणे, हाय का गो उरलेली? डब्यान हती. खाटेखाली ठेवलेली. मी बोलले, नाय. खोटं बोलले. चंदूभावजीनं सांगितलं हतं ना कुपथ्य, मंग मी भ्याले. मना वाटलं, नाय दिली तर वाचंल.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. “देली असती तरी काय नसतं जालं. काय नसतं जालं, आये. तो तसाच गेला.”

हरिभाऊंच्या हातात अजून तो कागद होता. तो कुणाला द्यायचा हेच त्यांना कळेना. तीन वर्षांचे हिशेब त्यांनी पंधरा दिवसांत सुधारले होते, अडतीस नावांपुढे अडतीस खरी कारणं लिहिली होती, आणि या एका गोष्टीचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. त्यांनी हात जोडले. दोघींपैकी कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं.

दगडाबाई उंबऱ्यावरून उठली. गुडघ्यावर हात दाबत, भिंतीला धरत ती सुनेजवळ आली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

“किती मांगितल्या त्यानं?” तिने विचारलं.

“येकुच,” सगुणा म्हणाली.